ठकूमावशीची तिसरी फेरी

केसपेपरवर ‘तक्रार’ नावाचा एक रकाना असतो. पेशंट खिडकीशी येतो, नाव, गाव, वय सांगतो आणि मग त्याला काय होतंय ते सांगतो. ते त्या रकान्यात लिहायचं. माझ्या नोकरीची पहिली वर्षं हा रकाना भरण्यात गेली. तसा मी कंपाउंडर. पण पाथर्डी तालुक्यातल्या त्या आडगावच्या आरोग्य केंद्रात कारकुनाची जागा कायम रिकामी असायची, त्यामुळे सकाळी खिडकीवर केसपेपर लिहायचे आणि नंतर आत जाऊन औषधं द्यायची, अशी दोन्ही कामं माझ्याकडे होती.

मी नेवाशाचा. माझं अक्षर चांगलं होतं आणि त्याचा मला गर्व होता. लोक येऊन काय काय सांगायचे. पोटात डोंब उसळतो, काळजात कालवतं, अंगातून वारं जातं, जीव वरखाली होतो. ते सगळं मी ऐकून घ्यायचो आणि रकान्यात एकच नेटका शब्द लिहायचो. ‘अशक्तपणा’. डॉक्टर तो शब्द वाचून लाल इंजेक्शन लिहून द्यायचे. रांग भराभर सरकायची. मला वाटायचं, मी या लोकांचं बोलणं शुद्ध करतोय.

यात पहिला अडथळा आणला तो ठकूमावशीने.

ठकूमावशी आमच्याकडे आया होती. पन्नाशीची असावी. नक्की वय तिलाही ठाऊक नव्हतं. पांढरं सरकारी लुगडं, पायात टायरच्या चपला, दात मिश्रीने काळे. नेमणूक कच्ची होती, पण वागणं पक्क्या माणसासारखं. फरशी पुसून, भांडी उकळून झाली की ती माझ्या खिडकीच्या बाहेर पायरीवर येऊन बसायची आणि धुऊन वाळवलेल्या बँडेजच्या पट्ट्या मांडीवर गुंडाळायची. येणारा प्रत्येक पेशंट तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलायचा. मला रुजू होऊन महिना झाला असेल. एक म्हातारी बराच वेळ बोलली आणि केसपेपर घेऊन आत गेली. मावशीने मान वर केली.

“भाऊसाएब, इतकं बोलली ती. तुमी काय लिव्हलं?”

“लिहिलं की सगळं.”

“लिव्हलं आसतं तर हात इकडून तिकडं गेला आसता. तुमचा हात तर जागीच फिरला. एक शबुद लिव्हला तुमी.”

तिला अक्षरओळख नव्हती. माझ्या पेनाची हालचाल ती मोजत होती. मी जरा रागाने म्हणालो, “मावशी, तुम्ही पट्ट्या गुंडाळा.” ती हसली आणि म्हणाली, “गुंडाळते की. पट्टी बी पुरती गुंडाळावी लागती, भाऊसाएब. मदीच सोडून भागत न्हाई.”

त्यानंतर ती रोज माझा हात बघायची. मला ते टोचायचं. पण हळूहळू मी दोन शब्द लिहू लागलो, मग चार. डॉक्टर मुंबईकडचे होते. त्यांना इकडची बोली नीट कळत नव्हती. एकदा ते म्हणाले, “तुम्ही हल्ली बरंच लिहिता. चांगलं आहे. मला उपयोग होतो.” त्याचं श्रेय मी मुकाट्याने घेतलं.

जीवाला जे होतं त्याची मावशीची स्वतःची वर्गवारी होती. एका दुपारी रांग संपल्यावर तिने मला ती समजावून सांगितली. एक म्हातारा सकाळी ‘घोर लागलाय’ म्हणत आला होता. पोरगा ऊसतोडीला गेला होता आणि दिवाळीपासून त्याचं पत्र नव्हतं. मावशीने त्याला पायरीवरूनच परत पाठवलं होतं.

“मामा, घरी जावा. घोराला गोळी न्हाई. घोराला पोस्टमन लागतो.”

रांगेतले लोक हसले. म्हाताराही हसला आणि गेला. मी म्हणालो, “मावशी, पेशंट परत पाठवायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?”

“त्यो पेशंट न्हवताच. ऐका. भ्या डोळ्यात आसतं. म्होरं साप हाय तवर भ्या. साप गेला की भ्या गेलं. घोर कानात आसतो. मानूस पावलं ऐकीत बसतो, कोन आलं का, कोन आलं का. पोरगं दारात आलं की घोर उतरला. आन धसका...” तिने पट्टी खाली ठेवली आणि फासळ्यांच्या खाली, पोटाच्या खळगीत हात ठेवला. “धसका हितं. साप गेला तरी त्यो हितं वेटोळं घालून बसतो.”

“म्हणजे भीतीच की.”

“न्हवं. भ्यालेला मानूस पळतो. धसका घेतलेला मानूस हालत न्हाई.”

मग मला धसका घेतलेला माणूस ओळखायची तिची खूण कळली. ती पेशंटला पहिलं विचारायची, “जेवलास का?” आणि उत्तराकडे लक्ष न देता त्याच्या तोंडाकडे बघायची. धसका घेतलेला माणूस घास तोंडात घेतो आणि विसरतो, असं ती म्हणायची. चावायचं विसरतो. गालफडात घास तसाच राहतो.

हा शब्द कोणी हलकेपणाने वापरला की तिला खपत नसे. जिल्ह्याहून वरचे साहेब पाहणीला यायचे, त्या काळात मी एकदा म्हणालो, “त्या साहेबांचा मी धसकाच घेतलाय.” ती भांडी घासत होती. हात थांबवून म्हणाली, “सकाळी किती भाकरी खाल्ल्या?”

“दोन.”

“मंग तो शबुद तोंडात घिऊ नका. तुमाला नुसतं भ्या वाटतंय. भ्या वाटतंय म्हना.”

तिचं बरोबर होतं. मला भ्याच वाटत होतं. पुढे ते किती वाटतं, तेही दिसायचं होतं.

---

दुष्काळाची वर्षं होती. विहिरी आटल्या होत्या आणि जो तो विहीर खोल करायच्या मागे होता. नामदेव नावाचा पंचविशीतला एक धडधाकट तरुण सुरुंगाच्या कामावर जायचा. त्याला त्याच्या बायकोने हाताला धरून आणलं. अंगाने निम्मा झाला होता. डॉक्टरांनी सगळं तपासलं. छाती स्वच्छ, पोट मऊ, ताप नाही. “याला काहीही झालेलं नाही,” ते म्हणाले.

मावशीने त्याला पायरीवर बसवलं.

“कुठं घेतला रं?”

“काय?”

“धसका. कुठं घेतला?”

“मनात.”

“मनात न्हाई रं बाबा. मनात समदेच घेत्यात. गावात कुठं? जागा सांग.”

त्याने खाली मान घालून सांगितलं. एक सुरुंग पेटलाच नव्हता. बऱ्याच वेळाने तो बघायला खाली उतरला आणि तो वाकला तेव्हाच सुरुंग उडाला. कानाला वारा लागेल इतक्या जवळून दगड गेला. त्याला खरचटलंसुद्धा नाही. गावाने पेढे वाटले, नारळ फोडला. आणि त्या दिवसापासून त्याच्या घशाखाली घास उतरेना.

डॉक्टर दारात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, “पण मावशी, याला काही झालंच नाही ना.”

“काय झालं न्हाई म्हनूनच, डाक्टरसाएब. लागलं आसतं तर पट्टी बांधली आसती म्या. न लागल्याला कुटं बांधू?”

डॉक्टरांनी त्याला लाल इंजेक्शन लिहून दिलं नाही.

मावशीचा इलाज साधा होता. त्यात अंगारा नाही, लिंबू नाही, मंत्र नाही. लोक अशा वेळी तापलेली पळी पाण्यात विझवून ते पाणी पाजायचे. मावशी म्हणायची, पाजा, पाण्यानं काय बिघडत नाही. पण तिचं म्हणणं असं होतं की ताप येतो, गोवर निघतो, खोकला लागतो, धसका मात्र माणूस उचलून घेतो. तो जिथे उचलला तिथेच जाऊन खाली ठेवायचा. एका दमात ठेवता येत नाही. तीन फेऱ्या लागतात. सोबत कोणी तरी पाहिजे, आणि सोबतच्या माणसाने बोलायचं नाही.

रविवारी तिला सुट्टी असायची. पहिल्या रविवारी ती नामदेवला विहिरीपासून दोन शेतं अलीकडच्या बाभळीपर्यंत घेऊन गेली. दुसऱ्या रविवारी मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यापर्यंत. तिसऱ्या रविवारी, खरं सांगायचं तर हसायला मिळेल म्हणून, मीही गेलो. नामदेव विहिरीच्या काठावर बसला. मावशी त्याच्या अंगाला अंग लावून बसली. पलीकडे मी. कोणी बोललं नाही. ऊन चढलं. नामदेवचे गुडघे लटलट हलत होते, ते मला दिसत होतं. अर्धा तास गेला असेल, तासही असेल. मग गुडघे थांबले. त्याने एक दगड उचलून विहिरीत टाकला, त्याचा आवाज ऐकला आणि म्हणाला, “मावशे, भूक लागलीया गं.”

त्याने स्वतःची भाकरी खाल्ली, मावशीची खाल्ली आणि माझीही खाल्ली. परतताना मावशी पोट धरून हसत होती. “माजी बी खाल्ली की मुडद्यानं! भाऊसाएब, तुमची गेली. आता तुमी काय ‘अशक्तपना’ लिव्हनार का सोताला?”

येताना मी विचारलं, “मावशी, हे तुम्हाला कोणी शिकवलं?”

बांध ओलांडल्यावर ती म्हणाली, “म्या घेतला हुता. दोन वरसं ठिवला. कुनी सांगितलंच न्हाई मला, खाली ठिवता येतो म्हनून.”

कुठे घेतला होता, कशाने, हे मी विचारलं नाही. तेव्हा वाटलं, विचारू पुढे कधी तरी. तिच्याविषयी मला जे ठाऊक नाही त्यात हे सगळ्यात मोठं आहे.

---

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. इतकी वर्षं ते मी बायकोलाही नीट सांगितलेलं नाही.

त्या उन्हाळ्यात जवळच पाझर तलावाचं काम सुरू होतं. शेकडो माणसं खपत होती. मुरूम लवकर निघावा म्हणून लोक दरडीच्या खालून पोखरत जायचे, वरचा भाग तसाच लोंबकळत राहायचा. एक दिवस दरड बसली. एक बाई गेली. तिच्या शेजारी पाटी भरत होती ती कौसा. बावीस-तेवीस वर्षांची, माहेरी भावाकडे राहणारी. दरड बसायच्या आधी घटकाभर दोघींनी जागा बदलल्या होत्या. कौसाच्या तोंडावर ऊन येत होतं म्हणून ती बाई म्हणाली होती, तू इकडं ये, मी तिकडं जाते.

कौसाला तिच्या भावाने आणलं तेव्हा ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि कोणी शेजारी आलं की सरकत दूर जायची. गालफडात घास तसाच होता. सकाळचा. मावशीने दोन बोटं घालून तो काढला, तिचं तोंड धुतलं, आणि मला म्हणाली, “भाऊसाएब, ह्या बारीला तुमच्या मनचं लिव्हू नका. मी सांगते तेच लिव्हा.”

मी लिहिलं. ‘धसका.’ माझ्या चांगल्या अक्षरात.

पहिल्या रविवारी मावशी तिला तलावाच्या रस्त्यापर्यंत घेऊन गेली. दुसऱ्या रविवारी दरडीपर्यंत. कौसा दरडीकडे पाठ करून बसली, पण बसली. आणि मावशीला आपल्या शेजारी बसू दिलं. सोमवारी तिने अर्धी भाकरी गिळली. भाऊ धावत येऊन सांगून गेला. मावशी इतकी खुशीत होती की मला केसपेपर पुन्हा काढायला लावला. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. ‘धसका. दोन फेऱ्या झाल्या. तिसरी राहिली. तिसऱ्या फेरीला तोंड तिकडे करणे.’

मंगळवारी पाहणीचे साहेब न कळवता आले. डॉक्टर नगरला मीटिंगला गेले होते. खिडकीवर मी एकटा. साहेबांनी औषधांचं रजिस्टर पाहिलं, कपाट पाहिलं, मग केसपेपरांचा गठ्ठा ओढला. चाळता चाळता एका जागी थांबले.

“हे काय आहे? ‘धसका’? हा कुठला रोग?”

मी उभा होतो.

“‘दोन फेऱ्या झाल्या. तिसरी राहिली.’ कसल्या फेऱ्या? हा सरकारी दवाखाना आहे की देवऋषाचा ओटा? अक्षर कोणाचं आहे?”

अक्षर माझं होतं. ते लपण्यासारखं नव्हतंच. मला वाटतं, तेव्हा मी नुसतं ‘माझं’ म्हणालो असतो तर काय झालं असतं? एक ताकीद मिळाली असती. फार तर वेतनवाढ लांबली असती. मी चोवीस वर्षांचा होतो, लग्न ठरलं होतं, आणि मला भ्या वाटलं. मी म्हणालो:

“साहेब, ती आयाबाई पेशंटना भरीला घालते. मी पुष्कळ सांगितलं तिला. ऐकत नाही. दमदाटी करून लिहून घेते.”

“लिहून द्या,” साहेब म्हणाले.

मी लिहून दिलं. ‘सदर आया रुग्णांची दिशाभूल करते.’ एक ओळ. माझा हात इकडून तिकडे व्यवस्थित गेला.

चौथ्या दिवशी हुकूम आला. कच्ची नेमणूक, हलवायला किती वेळ लागतो? जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, श्रीगोंद्याकडच्या एका दवाखान्यात. डॉक्टरांना वाईट वाटलं. त्यांनी फोन लावायचा प्रयत्न केला, लागला नाही. लागला असता तरी कागद वर गेलेला होता.

निघायच्या दिवशी मावशीने फरशी पुसली, भांडी उकळली, किल्ल्या माझ्या हातात दिल्या. मला चहा करून दिला. म्हणाली, “भाऊसाएब, कौसाची एक फेरी ऱ्हायलीया. उद्या रईवार. तुमी घिऊन जावा. काय बी करायचं न्हाई. अंगाला अंग लावून बसायचं. ती परकी बाई हाय म्हनून लाजू नका, तिचा भाऊ बी आसंल. पर भावानं भागत न्हाई, भाऊ रडतो. तुमी नामदेवाच्या टायमाला बसला हुता, तुमाला ठावं हाय.”

“जाईन,” मी म्हणालो.

“नक्की?”

“नक्की, मावशी.”

ती एस.टी.त बसली. गाडी हलल्यावर खिडकीतून हात बाहेर काढून तीन बोटं दाखवली. तिसरी.

रविवारी मी घरातून निघालो. बसस्टँडजवळच्या कडुलिंबाखाली भेटायचं ठरलं होतं. लांबूनच मला दोघं दिसली. भाऊ उभा होता. कौसा खाली बसली होती आणि तिच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती. भाकरीचं ते गाठोडं तिने दोन्ही हातांनी धरलं होतं. मला एकदम वाटलं, कोणी बघितलं तर? साहेबांच्या कानावर गेलं तर? लिहून तर मीच दिलंय, आणि मीच तिला घेऊन दरडीवर जाऊन बसलो तर लोक काय म्हणतील? मी मागच्या मागे वळलो आणि शाळेच्या बोळातून घरी गेलो. दार लावून आतल्या खोलीत बसलो. दुपारी दारावरून एका माणसाला जाताना पाहून मी विचारलं, लिंबाखाली कोणी आहे का? तो म्हणाला, हाय की, एक बाई आन एक बाप्या. सकाळधरनं बसल्यात.

पुढच्या आठवड्यात ती दोघं खिडकीवर आली नाहीत. त्याच्या पुढच्याही. मी कोणाला विचारलं नाही. विचारलं नाही, कारण उत्तर काय असेल ते मला माहीत आहे असं मी धरून चाललो होतो. अडीच महिने मी त्या धरून चाललेल्या उत्तरासकट खिडकीवर बसत होतो. पावसाची झड सुरू झाली, तलावाचं काम थांबलं, माझं लग्न झालं.

मग एक दिवस कौसाचा भाऊ खिडकीशी आला. त्याला ताप होता. मी त्याचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. हात पुढे सरकेना.

“कौसा?” मी विचारलं.

“कौसा? बरी हाय की. कालच खुरपायला गेल्ती.”

माझा विश्वास बसेना. तो सांगत गेला. “त्या रईवारी तुमी आला न्हाई ना, आमी लई वाट बघितली. मंग मी मावशीला कारड टाकलं, मास्तराकडून लिव्हून घेऊन. तर मावशी थेट दारात! दोन एसट्या बदलून, नगरावरनं. रईवार बी न्हवता, बुधवार हुता. तिला घिऊन गेली दरडीवर. कौसा तिकडं त्वांड करून बसली. लई रडली. जी रडाय लागली ती सांजपातुर. मंग घरी येऊन जेवली. पर मावशीचं वाईट झालं, भाऊसाएब. रजा न घेता आली म्हनून तिकडनं काढून टाकलं तिला.”

तो आत गेला. मी खिडकी बंद केली. रांगेत माणसं होती, तरी बंद केली.

कौसा वाचली, यात मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. वाटलं. पण मी जे करणार होतो आणि केलं नाही, ते एक पन्नाशीची बाई अख्खा जिल्हा ओलांडून येऊन करून गेली होती. आणि त्यापायी तिची नोकरी गेली होती, जी आधीच माझ्या एका ओळीने अर्धी गेली होती.

---

मी तिला शोधायला गेलो. लगेच नाही. दिवाळीनंतर. त्या दवाखान्यात कळलं की ती आता जवळच्या काष्टीच्या बाजारात लसूण-मिरची विकायला बसते.

काष्टीचा बाजार मोठा. बैलबाजाराची धूळ, भोंगे, माणसांचा लोंढा. मी मिरचीची ओळ शोधत गेलो आणि शिंका येत येत तिच्यापुढे उभा राहिलो. पांढरं लुगडं गेलं होतं, हिरवं विटकं नेसली होती. पुढे लसणाचा ढीग, मिरचीचा ढीग, हातात तागडी.

“आगं बाई! भाऊसाएब! कदी आला? लगीन झालं म्हनं. बसा, बसा. त्या पोत्यावर बसा.”

मी बसलो. म्हणालो, “मावशी, मला तुम्हाला एक सांगायचं आहे.”

“सांगा की. - ए बाई, त्यो गड्डा फोडू नको, आख्खा घे. - बोला.”

“पाहणीचे साहेब आले होते ना. तेव्हा...”

“मावशे, मिरची तिखट हाय का?” एक गिऱ्हाईक.

“खाऊन बघ. रडला तर घे.” गिऱ्हाईक हसलं, घेऊन गेलं. “बोला, भाऊसाएब.”

मी भराभर बोलून टाकलं. साहेब, कागद, एक ओळ, रविवार, शाळेचा बोळ. ती मिरच्या निवडत होती. देठ तुटलेल्या बाजूला काढत होती. माझं संपलं तरी तिचा हात चालूच होता.

“मला ठावं हाय,” ती म्हणाली.

“काय?”

“तुमी सायबाला काय बोलला ते. मी दाराआड हुते, फिनेल टाकीत. समदं ऐकलं.”

मला तो शेवटच्या दिवशीचा चहा आठवला. तो पिताना मी तिच्याकडे बघितलं नव्हतं. “मग बोलला का नाहीत? मला तोंडावर बोलायचं होतं.”

“तुमचं त्वांड बघितलं म्या फटीतनं. म्हनलं, ह्यो आदीच मेलाय, ह्याला कशाला आनखी.”

“आणि तरी कौसाला माझ्याकडे सोपवून गेलात?”

“दुसरं कोन हुतं?” तिने साधेपणाने विचारलं.

मी म्हणालो, “मावशी, मला माफ करा.”

तिने मिरच्या खाली ठेवल्या आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ द्या, झालं गेलं. आपली माणसं असंच म्हणतात. तसं ती म्हणाली नाही.

“चुकलं तुमचं,” ती म्हणाली. “सायबाम्होरं भ्याला, ते म्या समजू शकते. पर लिंबाखाली पोरगी बसली हुती. तितं तुमाला कोन खानार हुतं? ते वाईट केलं. मी न्हाई कसं म्हनू? मी न्हाई म्हनलं तर ते खोटं व्हईल, आन तुमाला बी ते ठावं आसंल.”

“हो.”

“आता जावा. पाच वाजता नगरची गाडी हाय. मंग येकदम रात्रीचीच. बायको वाट बघंल.” मग तिने कागदाच्या पुडीत मूठभर लसूण बांधला आणि माझ्या हातात दिला. “नव्या नवरीला द्या. म्हनावं, मावशीनं दिला.”

त्यापुढे मी कितीतरी वर्षं केसपेपर लिहिले. पेशंट बोलेपर्यंत पेन टेकवायचं नाही, एवढं मी पाळलं. ते काही प्रायश्चित्त नाही. काष्टीला मी परत गेलो नाही. तेही सांगायला हवं. जाईन जाईन म्हणत राहिलो आणि मग कोणीतरी सांगितलं की ती आता नाही.

पण त्या दिवशी गाडी बाजाराला वळसा घालून निघाली तेव्हा खिडकीतून ती मला पुन्हा एकदा दिसली. ढिगापुढे एक तरुण बाई उकिडवी बसली होती. ती काही घेत नव्हती. पदर तोंडाशी धरून काही तरी सांगत होती. मागे दोन-तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती, एक जण हात नाचवून काही म्हणत होता. ठकूमावशीने तागडी जमिनीवर ठेवली होती. ढिगाला वळसा घालून ती अलीकडे आली होती आणि त्या बाईच्या अंगाला अंग लावून बसली होती, गप्प.